बॉम्बेवर की बॉम्बेला? एका सोलापुरी स्टोकरचं प्रकरण

माझा एक जुना विद्यार्थी गेल्या वर्षी पितृपंधरवड्याच्या तीनेक महिने आधी घरी आला. पिशवीत काच तडकलेली फ्रेम. फ्रेममध्ये विशीतला पोरगा, खलाशाचा पोशाख, डोक्यावर गोल टोपी, हात मागे बांधलेले. ‘सर, हे आमचे आप्पा. आजोबा. फ्रेम नवी करून घेतोय. खाली दोन ओळी लिहायच्यात, पण घरात त्यावरून भांडण लागलंय.’

थोरल्या काकांना लिहायचं होतं, ‘बेंगॉल युद्धनौकेवरून जपानी जहाज बुडवणारे वीर.’ नातू विचारत होता, पुरावा काय? आणि ऐंशी पार केलेली आत्या दोघांनाही गप बसायला सांगत होती. आप्पांनी असलं काही कधी सांगितलंच नाही, असं ती म्हणायची.

मी शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवला. निवृत्तीनंतर असली घरगुती प्रकरणं माझ्याकडे अधूनमधून येतात. बहुतेक इनामाच्या कागदांची, नाहीतर 1930 मध्ये इंग्रजांनी सोलापुरात लावलेल्या मार्शल लॉची. सोलापुरात ज्याच्या-त्याच्या आजोबांनी मार्शल लॉत लाठी खाल्लेली असते. सगळ्यांचं खरं मानलं तर तेवढ्या लाठ्या सरकारकडे होत्या का, असा प्रश्न पडतो. पण नौदलाचं प्रकरण पहिल्यांदाच आलं. समुद्र इथून शेकडो किलोमीटर. आमच्या मुलांना मोठं पाणी म्हणजे सिद्धेश्वराचं तळं, आणि फार झालं तर उजनी.

म्हणून मी होकार दिला, आणि पुढचे तीन महिने याच कामात गेले.

आप्पा

जन्म 1922 च्या आसपासचा. वडील गिरणीत साच्यावर. आप्पा पंधराव्या वर्षी त्याच गिरणीत बॉयलरवर लागले, फायरमनच्या हाताखाली. कोळसा ओढायचा, राख काढायची, वाफेच्या काट्यावर नजर ठेवायची. कापड कसं होतं ते त्यांनी कधी पाहिलं नाही, असं आत्या हसत सांगते. बॉयलरवाल्याचं जग भट्टीच्या तोंडापुरतं असतं. हे वाक्य मी तेव्हा वहीत उतरवून घेतलं नाही. घ्यायला हवं होतं, कारण पुढे सगळा उलगडा तिथूनच झाला.

1941 मध्ये पोरगा नेव्हीत भरती झाला. वस्तीत हे कुणाला आवडलं नाही. या गावातले मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी दिलं होतं. तेव्हा आठ-नऊ वर्षांचा असलेला पोरगा दहा वर्षांनी त्याच सरकारचा गणवेश घालतो म्हटल्यावर लोक बोलणारच. आप्पांच्या आईचं उत्तर एकच असायचं, ‘पोटाला काय मार्शल लॉ लावू?’

सरकारलाही माणसं हवी होती. युद्ध सुरू झालं तेव्हा रॉयल इंडियन नेव्ही ही दोन हजारांच्या आतबाहेरची छोटी फौज होती. संपलं तेव्हा ती तीस हजारांच्या घरात गेली होती. आधी खलाशी घेतले जायचे ते प्रामुख्याने रत्नागिरीकडचे आणि पंजाबातले. युद्धात दारं उघडली आणि ज्यांनी समुद्र पाहिला नव्हता अशी पोरंही आत शिरली. बॉयलरचं काम येणाऱ्या गिरणीतल्या पोराला स्टोकर, म्हणजे जहाजाच्या बॉयलरवरचा माणूस, करणं सोपं होतं. वाफ सोलापुरातली असो नाहीतर समुद्रावरची, काटा लाल रेघेपुढे गेला की घाम फुटतोच.

कागद

हातात तीन वस्तू आल्या.

एक फोटो. मागे सिडनीच्या एका स्टुडिओचा शिक्का आणि शाईने ‘जून 1942’. काकांना वाटायचं, टोपीच्या पट्टीवर जहाजाचं नाव असेल, ते भिंगातून वाचता येईल. भिंग लावलं. पट्टीवर फक्त एच.एम.आय.एस. एवढीच अक्षरं. काका म्हणाले, ‘फोटोवाल्यानं पुसलं असणार.’ तसं नव्हतं. युद्धकाळात टोपीवर जहाजाचं नाव येऊ देत नसत. कुठलं जहाज कुठल्या बंदरात आहे, हे खलाशाच्या डोक्यावरून हेराला कळू नये म्हणून. ‘हिज मॅजेस्टीज इंडियन शिप’ एवढं लिहायचं आणि थांबायचं.

दुसरं, सिडनीच्या मोठ्या पुलाचं चित्र असलेलं कोरं कार्ड. पूल 1932 चा, तेव्हा नुकता दहा वर्षांचा. कार्डावर काही लिहिलेलं नाही, टाकलंही नाही. नुसतं आणलं.

तिसरा कागद कामाचा होता: नौकरीतून मोकळं केल्याचा दाखला. वाळवीने त्याचा उजवा भाग खाल्लाय. जहाजाच्या नावाचं फक्त पहिलं अक्षर उरलंय, इंग्रजी ‘बी’. काकांनी त्यावर बोट ठेवलं, ‘बघा सर, बेंगॉल.’

बी म्हणजे बेंगॉल, हे खरं. पण त्याच वर्षी त्याच शहरात तयार झालेल्या दुसऱ्या एका जहाजाचंही पहिलं अक्षर बीच होतं, ते काकांना माहीत नव्हतं. खरं तर पहिल्या दिवशी मलाही नव्हतं.

काकांची गोष्ट

बेंगॉलची गोष्ट खरी आहे आणि मोठी आहे. 11 नोव्हेंबर 1942. ऑस्ट्रेलियातल्या फ्रीमँटलहून दिएगो गार्सियाकडे निघालेलं ‘ओंडिना’ हे डच तेलवाहू जहाज, सोबत राखणीला नवीकोरी ‘बेंगॉल’. हिंदी महासागरात कोकोस बेटांच्या नैर्ऋत्येला दोन जपानी जहाजांनी गाठलं, ‘होकोकु मारू’ आणि ‘आइकोकु मारू’. दोन्ही दहा हजार टनांवरची, कितीतरी मोठ्या तोफा लावलेली. बेंगॉल साडेसहाशे टनांची, पुढे एकच बारा पौंडी तोफ. बेंगॉलचा कप्तान विल्सन याने पळायचं सोडून जहाज सरळ शत्रूवर घातलं, म्हणजे ओंडिनाला निसटायला वेळ मिळेल. ओंडिनाही थांबली आणि तिच्या एका तोफेचे गोळे चालू राहिले. होकोकु मारूच्या मागच्या बाजूला स्फोट झाला आणि ती बुडाली. ओंडिनाचा कप्तान मारला गेला, खलाशी बोटींत उतरले, पुन्हा चढले आणि जहाज फ्रीमँटलला परत नेलं. बेंगॉलला वाटलं ओंडिना गेली; ओंडिनाला वाटलं बेंगॉल गेली. दोन्ही वाचल्या.

असली गोष्ट मिळाल्यावर कोण सोडेल? काकांनी ती तरुणपणी कुठल्याशा वर्तमानपत्रात वाचली. ऑस्ट्रेलिया, नवं जहाज, 1942, आणि घरात ‘बी’ अक्षराचा दाखला. त्यांनी गाठ मारली. गेली पन्नास वर्षं या घरात दर गणपतीत ही गोष्ट सांगितली जाते आणि दर वेळी आप्पांच्या हाती तोफ येते.

मी काकांना एवढंच विचारलं, ‘आप्पा स्टोकर. ते तोफेवर कसे?’

‘वेळ आल्यावर कुणीही चालवतो की सर.’

मग आत्याकडे गेलो. ती साखर पेठेत मुलाकडे राहते. कान कमी, स्मरण पक्कं. तिला तीन वेळा भेटलो. तिच्याकडे लढाई नव्हती. तिच्याकडे आप्पांच्या तोंडचे शब्द होते, आणि ते ती बदलत नव्हती.

जहाज आणायला जाणं

आत्याने सांगितलेल्यातलं बहुतेक सगळं वाट पाहण्याबद्दल होतं. हे मला आधी कळलं नाही. मी सारखं ‘मग लढाई?’ असं विचारत राहिलो आणि ती सारखी थंडीकडे वळत राहिली.

गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, संपला आणि आप्पा निघाले, म्हणजे 1942 च्या जानेवारीत. सोबत कडक भाकरीचा डबा आणि शेंगाची चटणी. कडक भाकरी महिना-महिना टिकते, हे सोलापूरकराला सांगायला नको. नेव्हीला मात्र हे कुणी सांगितलं नसावं, कारण बोटीवर तपासणीत तो डबा उघडून ‘हा पापड एवढा जाड कसा?’ असं विचारलं गेलं. चटणी वाटेतच संपली. सोबतच्या रत्नागिरीच्या पोरांनी ती संपवली, असा आप्पांचा शेवटपर्यंत आरोप होता.

त्याच फेब्रुवारीच्या 15 तारखेला सिंगापूर पडलं, 19 तारखेला ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला डार्विनवर बाँब पडले. ज्या समुद्रातून जहाज आणायचं तोच समुद्र असा जळत होता.

हिंदुस्थानने जहाजं ऑस्ट्रेलियात का बांधून घ्यावीत, असं नातवाने विचारलं. इंग्लंडच्या गोद्या स्वतःच्याच कामात बुडालेल्या होत्या, आणि ऑस्ट्रेलियाकडे एक साधा, पटकन बांधता येईल असा नमुना होता. बाथर्स्ट वर्ग. सुरुंग काढायचे, पाणबुड्या शोधायच्या, तांड्याची राखण करायची, सगळं करणारं छोटं जहाज. लांबी 186 फूट, वेग जेमतेम 15 नॉट. आठ गोद्यांतून अशी 60 जहाजं निघाली आणि त्यांचे सुटे भाग रेल्वेच्या कारखान्यांतही बनले. साठातली चार रॉयल इंडियन नेव्हीची: ‘पंजाब’, ‘बॉम्बे’, ‘मद्रास’ आणि ‘बेंगॉल’. चारही सिडनीच्या दोन गोद्यांत बांधलेली. बॉम्बे आणि पंजाब एकीत, मद्रास आणि बेंगॉल दुसरीत.

बॉम्बे. बी.

हे सापडलं त्या संध्याकाळी मी नातवाला फोन केला नाही. एक अक्षर जुळणं म्हणजे काही नाही. काकांनीही तेवढ्यावरच गोष्ट उभारली होती.

जहाज आणायला गेलेला खलाशी त्या काळात कुणाचाच नसतो. जुनं जहाज सुटलेलं, नवं अजून गोदीवाल्याचं. सरकारी कागदावर सही होईपर्यंत डेकवर हुकूम चालतो तो फोरमनचा. इंजिनाच्या खात्यातली माणसं त्यातही आधी जातात, कारण कुठला नळ कुठे जातो हे पत्रे बसायच्या आत पाहून ठेवावं लागतं. एकदा झाकलं की दिसत नाही. मग चाचण्या: उभ्या जागी वाफ चढवून, मग खाडीत, मग बाहेर समुद्रात पूर्ण वेगाने. काही गळलं की परत धक्क्याला.

आप्पांना पहिला धक्का बसला तो भट्टीपुढे. फावडं नव्हतं. कोळसा नव्हता. ही जहाजं तेलावर चालायची. तेल तापवायचं, बारीक तोटीतून फवारायचं, तोटी बदलून आच कमीजास्त करायची. गिरणीतली सगळी अंगमेहनत तिथे मनगटाच्या एका फिरकीत आली होती. आप्पा म्हणायचे, पहिले आठ दिवस हात रिकामे असल्यासारखे वाटायचे. इंजिन मात्र ओळखीचं निघालं. तीनदा प्रसरण पावणाऱ्या वाफेवरचं, दट्ट्याचं. गिरणीतल्या इंजिनाचा धाकटा भाऊ.

हे काम त्यांना शिकवलं गोदीतल्या एका गोऱ्या मिस्त्रीने. तो आप्पांना सारखा ‘मेट, मेट’ म्हणायचा. आपल्याकडे मेट म्हणजे मजुरांच्या टोळीवरचा मुकादम. आप्पांना वाटलं, आपल्याला बढती मिळाली! चार दिवस ते जरा ताठ वागले, एका रत्नागिरीच्या पोराला त्यांनी कामही सांगितलं. मग लक्षात आलं की तो मिस्त्री त्या पोरालाही मेटच म्हणतो. आणि कॅन्टीनवाल्यालाही. आणि एकदा तर जहाजाच्या मांजरालाही म्हणाला. तिकडे मेट म्हणजे गड्या, दोस्ता.

आत्या ही गोष्ट सांगताना खूप हसली. मग थांबून म्हणाली, ‘पण सर, आप्पा म्हणायचे, मला कळल्यावर जास्त आनंद झाला. मुकादम करणारे इथं पण होते ओ. गड्या म्हणणारा गोरा तिकडं भेटला.’

हे ऐकून ‘ऑस्ट्रेलियाने किती आदर दिला’ असं लिहायचा मोह होतो. 1901 पासून त्या देशात गोऱ्यांखेरीज इतरांनी स्थायिक होऊ नये म्हणून कायदा होता. आप्पा तिथे राहायला गेले असते तर बंदरावरूनच परत आले असते. ते दोस्त देशाच्या गणवेशात होते आणि जायचे होते, म्हणून चहा मिळाला. पण मिळाला, हेही खरं. एका सेवा-कॅन्टीनमध्ये गोऱ्या बाईने चहा दिला आणि पैसे घेतले नाहीत, हे त्यांनी पन्नास वेळा सांगितलं. बिनपैशाचा चहा देणारी गोरी बाई त्यांच्या हिशेबात कुठेच बसत नव्हती.

आणि थंडी. ‘मे महिन्यात हुडहुडी भरायची’ हे आप्पांचं ठरलेलं वाक्य. सोलापुरात मे म्हणजे डांबर वितळतं, म्हणून पोरं दर वेळी हसायची. मी हसता हसता थांबलो. मे महिन्यात आप्पा सिडनीला होते.

भोंगा

लढाईबद्दल आत्याकडे एवढंच होतं: एका रात्री भोंगा झाला. चांदणं टिपूर होतं. पुलाजवळ मोठा धमाका झाला, झोपलेले खलाशी गेले. आप्पा खाली होते, वाफ चढवत. ‘काय दिसलं आप्पा?’ असं पोरं विचारायची. ‘काय दिसणार? काट्याकडे बघत होतो.’

काकांचं मत असं की ही आप्पांची नम्रता. आणि ‘भोंगा’ म्हटल्यामुळे घरातल्या निम्म्या लोकांना ही गिरणीतली आग वाटायची. आप्पांना सायरनला दुसरा शब्द माहीत नव्हता.

31 मे 1942, रविवार. पाच मोठ्या जपानी पाणबुड्या सिडनीबाहेर आल्या होत्या. त्यांतल्या तिघींनी पाठीवरून आणलेल्या दोन-दोन माणसांच्या छोट्या पाणबुड्या रात्री बंदरात सोडल्या. पहिली बंदराच्या तोंडावरच्या जाळ्यात अडकली आणि तिच्यातल्या दोघांनी साडेदहाच्या सुमारास ती स्वतःच उडवून दिली. दुसरी आत शिरली. तिला अमेरिकन क्रूझर ‘शिकागो’ हवी होती. मध्यरात्र उलटून साडेबाराच्या सुमारास तिने दोन टॉर्पेडो सोडले, दोन्ही चुकले. एक किनाऱ्यावर चढून न फुटता पडला. दुसरा गार्डन आयलंडच्या धक्क्याला लागला आणि त्याने ‘कुट्टाबुल’ फोडली. ती जुनी प्रवासी फेरीबोट, खलाशांना झोपायला वापरत. 21 जण गेले. तिसरी पाणबुडी पाण्यात फुटणाऱ्या सुरुंगांनी घेरली गेली. तिच्यातल्यांनी स्वतःला गोळी घालून घेतली. दुसरी निसटली आणि थेट 2006 मध्ये किनाऱ्यापासून जवळच समुद्राच्या तळाशी सापडली.

त्या रात्री बंदरात असलेल्या लढाऊ जहाजांच्या यादीत, ऑस्ट्रेलियन ‘व्हायला’ आणि ‘जिलाँग’च्या शेजारी एक नाव आहे: एच.एम.आय.एस. बॉम्बे. ती एप्रिलमध्ये नौदलात दाखल झाली होती, म्हणजे जेमतेम महिन्याची. बेंगॉल तेव्हा नुकती पाण्यात उतरली होती. दाखल झाली ऑगस्टमध्ये. मे महिन्याच्या रात्री तिच्यात वाफ चढवणं शक्यच नव्हतं.

आता दोन गोष्टी शेजारी ठेवा. बेंगॉलची लढाई दुपारी बाराच्या आसपासची, उघड्या समुद्रात. आप्पांची रात्रीची, बंदरातली, पुलाजवळची. एवढ्याने माझं समाधान झालं असतं. पण आत्याने आणखी दोन गोष्टी दिल्या, त्या मी विचारल्याही नव्हत्या.

एक: ‘आमची आजी म्हणायची, धोंड्याच्या महिन्यात देवानं राखलं. पौर्णिमा झालेली, दुसऱ्या रात्री.’ आप्पा परत आल्यावर त्यांनी दिवस सांगितला, तेव्हा त्यांच्या आईने बोटांवर मागे मोजून हे काढलं होतं. धोंड्याचा महिना बाई विसरत नाही, जावयाला वाण दिलेलं असतं. मी पंचांग पाहिलं. 1942 साली ज्येष्ठ अधिक होता. 30 मे ही त्यातली पौर्णिमा. हल्ला तिच्या दुसऱ्या रात्री. बेंगॉलची 11 नोव्हेंबर मात्र दिवाळीला लागून, भाऊबीज उरकून गेल्यावरची. ती आप्पांची असती तर आजीने दिवाळीचं नाव घेतलं असतं.

दुसरी गोष्ट सांगताना आत्याचा आवाज बदलला. ‘जपानी पोरं मेली ना, त्यांना नंतर जाळलं म्हणे, आपल्यासारखं. आणि गोऱ्यांनी सलामी दिली. आप्पा म्हणायचे, शत्रूला सलामी देतात आणि आम्हाला शिवी.’

पाण्यातून काढलेल्या चार जपानी खलाशांना सिडनीत नौदलाच्या पूर्ण इतमामाने दहन दिलं होतं. बंदराचा प्रमुख रिअर अ‍ॅडमिरल मुइरहेड-गूल्ड याच्यावर त्यासाठी टीकाही झाली. अस्थी जपानला पाठवल्या गेल्या. साखर पेठेतल्या ऐंशी वर्षांच्या बाईला, जिने सिडनीबद्दल एक ओळ वाचलेली नाही, हे ठाऊक असण्याचा मार्ग एकच.

शिवीचं पुढे विचारलं. ती सिडनीतली नव्हती. युद्ध संपता संपता किनाऱ्यावरच्या एका ठाण्यात कुणा अधिकाऱ्याने दिलेली, आईवरून. फेब्रुवारी 1946 मध्ये मुंबईत ‘तलवार’ या नौदलाच्या ठाण्यावरून खलाशांचं बंड पेटलं तेव्हा अन्न, पगारातला भेद आणि अशाच शिव्या ही त्यांची गाऱ्हाणी होती, बघता बघता सुमारे वीस हजार खलाशी त्यात उतरले. आप्पा त्यात होते का? आत्या म्हणते, त्यांनी चार दिवस भट्टी विझवली होती, एवढंच बोलायचे. मी हे फोटोच्या ओळीत आणलं नाही. तो वेगळा विषय आहे आणि त्यासाठी वेगळा कागद लागेल.

‘वर’

एवढं सगळं हाती येऊनही हे घर पन्नास वर्षं चुकीच्या जहाजावर का राहिलं? याचं उत्तर मला शेवटच्या भेटीत मिळालं, निघताना, चपला घालताना.

आत्या सुनेला सांगत होती, ‘आप्पा बॉम्बेवर असताना त्यांना कापरं भरायचं, तसं मला भरतंय बघ.’

मी परत आत गेलो. ‘काय म्हणालात? बॉम्बेला असताना?’

‘बॉम्बेवर.’

‘म्हणजे मुंबईत?’

‘ते मला काय ठाऊक? आप्पा म्हणायचे तसंच म्हणते मी. आई पण तसंच म्हणायची. बॉम्बेवर.’

आपण गावाला असतो, गावात असतो. पुण्याला असतो, सोलापुरात असतो. गावावर कुणी नसतं. ‘वर’ असतो तो गच्चीवर, घोड्यावर, कामावर किंवा जहाजावर. आप्पा उभं आयुष्य घरात जहाजाचं नाव घेत होते, स्पष्ट, न लपवता. घराने ऐकलं ‘मुंबई’. आणि ऐकून थोडं वाईट वाटून घेतलं: ऑस्ट्रेलियाहून परतल्यावर आप्पांनी उरलेलं युद्ध मुंबईत बसून काढलं, असं. त्यात कानडी, तेलुगू, दखनी सगळ्यांची सरमिसळ असलेल्या आमच्या सोलापुरात शब्दाचं शेपूट इकडचं तिकडे झालं तर कुणी टोकत नाही. आत्याचं ‘वर’ ही तिची लकब समजली गेली. मग काकांच्या हाती बेंगॉल लागली तेव्हा त्यांनी ती आनंदाने घेतली. मुंबईत बसलेल्या बापापेक्षा तोफेवरचा बाप केव्हाही बरा.

काकांचा मला राग आला नाही. स्टोकरची साक्ष अशीच असते. तो युद्ध पाहत नाही, ऐकतो. वर काय चाललंय हे त्याला घंटेवरून, हादऱ्यावरून आणि वाफ किती मागतात त्यावरून कळतं. त्या रात्री वरच्या माणसाने प्रकाशझोत पाहिले, गोळ्यांच्या रेघा पाहिल्या. आप्पांनी काटा पाहिला. नातवंडांना काट्याची गोष्ट कशी सांगणार? आणि त्याच 1942 च्या डिसेंबरात आमच्याच गावचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस चीनमध्ये वारले. त्यांचं स्मारक गावात आहे, आणि ते असायलाच हवं. त्या तोलात आपला बाप ठेवायचा तर मुलगा काटा ठेवेल की तोफ?

काकांनी शेवटची हरकत घेतली. बॉम्बेवरून बदली होऊन आप्पा ऑगस्टनंतर बेंगॉलवर गेले नसतील कशावरून? योग्य हरकत. पण दिवाळीतल्या एवढ्या मोठ्या झुंजीबद्दल बायकोला, आईला, लेकीला एक शब्द नाही, आणि मे महिन्यातल्या काट्याबद्दल मात्र पन्नास वर्षं सांगणं, हे मला पटत नाही. काकांना मी तसंच सांगितलं. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘सर, धमाका तर झाला होता ना?’

‘झाला होता. आप्पा तिथून हाकेच्या अंतरावर होते.’

‘मग ठीक आहे.’

ओळ

ओळ अशी ठरली: ‘स्टोकर, एच.एम.आय.एस. बॉम्बे. सिडनी बंदर, 31 मे 1942.’ काकांनी ‘वीर’ शब्द मागितला, आत्याने नको म्हटलं, नातवाने दोघांकडे पाहून माझ्याकडे पाहिलं. मी पंखा मोठा करायला उठलो. शब्द आला नाही.

सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी फ्रेम घेऊन नातू आला. बाळीवेशीतल्या पेंटरने अक्षर सुरेख काढलं होतं, पिवळ्यावर काळं. मी वाचलं. ‘स्टोकर, एच.एम.आय.एस. मुंबई.’

आम्ही दोघंही पेंटरकडे गेलो. तो ब्रश पुसत म्हणाला, ‘सर, बॉम्बे आता कोण लिहितं? लोक मलाच बोलतील की. मी दुरुस्त करून दिलं.’